विजयचिन्ह की मुद्देमाल?

आपल्या शाळेच्या दर्शनी दालनात युद्धात हस्तगत केलेली एखादी रायफल मिळवून ठेवावी, अशी सूचना या सत्रात पुढे आली. तेव्हापासून मेसच्या टेबलावर आणि रात्रीच्या अभ्यासाच्या तासाला तिचीच चर्चा चालू आहे. बहुतेकांचे म्हणणे असे की काचेची पेटी, खाली पितळी पाटी आणि पाटीवर 'शत्रूकडून हस्तगत' एवढे दोन शब्द असले की झाले. ज्युनियर कॅडेट तिच्यासमोर उभे राहून फोटो काढतील, पालक दिनाला आईबाबा पाहतील.

रायफल यावी असे मलाही वाटते. पण त्या दोन शब्दांवर माझा आक्षेप आहे. रायफल कोणत्या युद्धातली आहे हे आधी पाहावे, आणि ती यादवी युद्धातली असेल तर पाटीवर 'विजयचिन्ह' असे लिहू नये, असे माझे मत आहे. चर्चेत पुन्हा पुन्हा जे नाव आले ते मेजर रामस्वामी परमेश्वरन यांचे, म्हणजे श्रीलंकेतल्या लढाईचे. म्हणून मी त्याच लढाईबद्दल लिहितो.

आधी साधी गोष्ट घेऊ. नगरच्या (आता अहिल्यानगर) रणगाडा संग्रहालयात पाकिस्तानकडून हस्तगत केलेला पॅटन रणगाडा आहे. सातवीच्या सुट्टीत मी तो पाहिला. त्याच्याबद्दल माझ्या मनात कसलाही गोंधळ नाही. एका देशाच्या सैन्याने तो दुसऱ्या देशावर आणला, १९६५ साली खेमकरणच्या आघाडीवर असे रणगाडे उसाच्या शेतांत आणि चिखलात अडकून पडले, आपण ते घेतले. तिथल्या भिखीविंड गावाजवळ पकडलेले रणगाडे इतके झाले की त्या जागेला लोक 'पॅटननगर' म्हणू लागले. गणवेश वेगळा, झेंडा वेगळा, सीमा नकाशावर आखलेली. तिथे विजयचिन्ह हा शब्द शोभतो.

आता २५ नोव्हेंबर १९८७ ची रात्र. जाफन्याच्या भागात शोधमोहीम संपवून ८ महारची एक तुकडी परत येत होती. वाटेत दबा धरून बसलेल्या अतिरेक्यांनी तिच्यावर गोळीबार केला. मेजर परमेश्वरन यांनी आपली माणसे घेऊन त्यांना मागून वेढा घातला आणि थेट त्यांच्यात घुसले. हातघाईच्या लढाईत एकाने त्यांच्या छातीत गोळी घातली. छातीत गोळी असताना मेजरांनी त्याच्याच हातातली रायफल हिसकावली आणि त्याला ठार केले. प्राण जाईपर्यंत ते हुकूम देत राहिले. त्यांच्या परमवीरचक्राच्या प्रशस्तिपत्रात शेवटी हिशेब दिला आहे: ५ अतिरेकी ठार, ३ रायफली आणि २ रॉकेट लाँचर हस्तगत. मेजर तेव्हा ४१ वर्षांचे होते. शांतिसेनेतल्या कोणाला मिळालेले ते एकमेव परमवीरचक्र.

या तीन रायफलींकडे माझे लक्ष जाते. हिसकावलेली रायफल त्यांतलीच एक असणार. ती कोणत्या बनावटीची, तिचा नंबर काय, ती कुठून आली, हे प्रशस्तिपत्रात नाही. तिथे त्याची गरजही नाही, ते मेजरांच्या शौर्याचे पत्र आहे. पण तीच रायफल काचेच्या पेटीत आली की प्रश्न सुरू होतात, आणि शस्त्र ओळखणाऱ्या कॅडेटने ते विचारलेच पाहिजेत. त्या काळी आपल्या जवानांच्या हातात इछापूरची ७.६२ मि.मी. एसएलआर होती. लांब, जड, २० गोळ्यांची मॅगझिन, ट्रिगर एकदा दाबला की एकच गोळी. समोर अनेकांच्या हातात एके जातीच्या रायफली, ३० गोळ्या, पाहिजे तर सलग फायर. दोन्हींचा व्यास ७.६२ मि.मी.च, पण एकीच्या गोळीचे कवच ५१ मि.मी. लांब आणि दुसरीचे ३९. म्हणजे एकीची गोळी दुसरीत चालत नाही. नारळीच्या बागांतून आणि ताडाच्या कुंपणांतून जवळून होणाऱ्या लढाईत हा फरक जवानांना महाग पडला. पुढे आपल्या सैन्याने एके रायफली मागवल्या त्यामागे श्रीलंकेचा हा अनुभव होता. पाटीवर यातले दोन शब्द जरी आले तरी छातीत गोळी असताना हिसकावलेली ती रायफल म्हणजे काय होते, हे पाहणाऱ्याला जास्त कळेल.

दुसरा प्रश्न अवघड आहे. ती रायफल कोणाची?

मराठीत सिव्हिल वॉरला आपण यादवी म्हणतो, आणि हा शब्द कुठून आला ते आजीकडून गोष्टी ऐकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ऋषींच्या शापाने जन्मलेले लोखंडी मुसळ यादवांनी कुटून चूर्ण केले, समुद्रात फेकले आणि निर्धास्त झाले. ते चूर्ण किनाऱ्याला लागले, त्याचे लव्हाळे उगवले, आणि प्रभासला भांडण पेटले तेव्हा तेच लव्हाळे उपटून यादवांनी एकमेकांना मारले. फेकलेले लोखंड परत आले. श्रीलंकेची हकिकत वाचताना मला ही गोष्ट सारखी आठवते. १९८३ च्या दंगलींनंतर तिथल्या तमिळ संघटनांच्या तरुणांना आपल्या देशात शस्त्रांचे शिक्षण मिळाले, हे आता सेवानिवृत्त अधिकाऱ्यांच्या पुस्तकांतही उघड लिहिलेले असते. २९ जुलै १९८७ ला कोलंबोत करार झाला. दुसऱ्याच दिवशी मानवंदना घेताना राजीव गांधींवर एका श्रीलंकन नौसैनिकाने रायफलचा दस्ता उगारला. (गार्ड ऑफ ऑनरचा सराव करणाऱ्या कोणीही ती चित्रफीत पाहावी. रांगेतला एक जवान 'सलामी शस्त्र' मोडतो, तो क्षण पाहताना अंगावर काटा येतो.) ५ ऑगस्टला पलालीच्या तळावर एलटीटीईने शस्त्रे खाली ठेवण्याचा कार्यक्रम केला. थोडी आली, बाकीची राहिली. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात शांतिसेनेची त्यांच्याशीच लढाई सुरू झाली. अशा लढाईत घेतलेल्या रायफलीखाली 'शत्रूकडून' लिहायचे, तर ती त्या शत्रूकडे आली कशी, हे लिहायला कोणीतरी धजावले पाहिजे.

आणि मेजर परमेश्वरन कोण होते? घरची भाषा तमिळ, जन्म मुंबईचा, १३ सप्टेंबर १९४६ चा, शिक्षण मुंबईत एसआयईएस संस्थेत. नेमणूक महार रेजिमेंटमध्ये. ही रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात उभी राहिली. त्याआधीची महार पलटण पहिल्या महायुद्धात उभारून १९२१ साली मोडून टाकली होती. सैन्याची दारे पुन्हा उघडावीत म्हणून डॉ. आंबेडकरांनी सरकारकडे पाठपुरावा केला होता. अशा रेजिमेंटचा, तमिळ बोलणारा, मुंबईकर अधिकारी तमिळ बोलणाऱ्या मुलखात तमिळ बोलणाऱ्या अतिरेक्याच्या गोळीने पडला. माझा शेजारच्या बंकवरचा मित्र तमिळ आहे. चर्चेत एकाने त्याला चेष्टेने विचारले, "तू कोणाच्या बाजूचा?" तो म्हणाला, "परमेश्वरन सरांच्या. तुला ते मराठी वाटतात का?" त्यावर सगळे हसले, पण तो स्वतः हसला नाही. 'शत्रूकडून हस्तगत' ही पाटी आपल्या शाळेत लागली तर तिच्यासमोरून तो रोज दोनदा जाणार आहे, फॉलइनला जाताना आणि येताना.

आणखी एक गोष्ट माझ्या वयाची आहे. मी पंधरा वर्षांचा आहे. एलटीटीईने लहान मुलांना बंदुका दिल्या, हे युनिसेफने वर्षानुवर्षे नोंदवले. १९८९ च्या बालहक्क करारात रेषा आखली आहे: १५ वर्षांखालील मुलांना सैन्यात घेऊ नये. २००० सालच्या जोडकराराने सशस्त्र टोळ्यांसाठी ती १८ वर नेली. म्हणजे मी आत्ता नेमका त्या जुन्या रेषेवर उभा आहे. मला कोतमधून ड्रिलसाठी रायफल मिळते ती नळी निकामी केलेली. तिचा नंबर रजिस्टरात असतो आणि परत देताना उस्ताद तो वाचून घेतात. पॉइंट टू-टू फायर करतो तेव्हा शेजारी उस्ताद असतात, आणि रिकामी कवचे मोजून होईपर्यंत कोणी रेंज सोडत नाही. माझ्याच वयाच्या एखाद्याला भरलेली रायफल आणि गळ्यात सायनाइडची कुपी मिळाली होती. परमेश्वरन सरांच्या समोरचा माणूस मुलगा होता असे मी म्हणत नाही. पण त्या युद्धातल्या कुठल्याही रायफलीसमोर उभा राहिलो तर मला पहिला विचार हाच येईल.

माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणतो, पायदळात होते आणि १९८८-८९ मध्ये श्रीलंकेत होते. साताऱ्याकडच्या आमच्या घरी त्याबद्दल फार बोलणे होत नाही. या लेखासाठी मी फोनवर विचारले. आधी त्यांनी जेवणाची चौकशी केली, मग पायाच्या दुखण्याचे सांगितले, मग म्हणाले, "हत्यारं सापडली की ताडपत्रीवर मांडायचो. मोजायची, यादी करायची, फोटो निघायचा. एकदा एका दस्त्यावर चाकूनं काय तरी कोरलं हुतं, त्यांच्या अक्षरात. मद्रास रेजिमेंटचा एक जवान आल्ता, त्याला म्हटलं वाच. त्यानं वाचलं. म्हणला, काय नाय, नाव हाय. कुणाचं ते त्यानं सांगितलं नाय, आन् आम्ही बी विचारलं नाय." मी विचारले, "आबा, तुमच्या मनात राग नव्हता?" ते म्हणाले, "व्हता की. आमची पोरं सुरुंगावर गेली हुती. राग नसंल तर माणूस कसला?" ते दोन्ही एका दमात बोलले. माझ्या मताला कोणी 'शहरी कोमलपणा' म्हणणार असेल तर त्याने आबांशी बोलावे.

विरुद्ध बाजूचे म्हणणे मी नीट ऐकले आहे. एका उस्तादांनी सांगितले ते असे: पलटणीचा जीव तिच्या इज्जतीत असतो आणि इज्जत अशा वस्तूंतून पुढच्या पिढीला दिसते. क्वार्टर गार्डपुढची जुनी तोफ पाहून रिक्रूट ताठ होतो. तिथे इतिहासाचे पुस्तक उघडले तर ताठ होणारा माणूस विचार करत बसेल. पहिल्या भागाशी मी सहमत आहे. दुसऱ्याशी नाही. शांतिसेनेचे जवान परत आले तेव्हा त्यांना हीच इज्जत पुरेशी मिळाली नाही. सुमारे १,२०० जवान तिथे पडले. १९९० च्या मार्चमध्ये शेवटची तुकडी मद्रासच्या बंदरात उतरली, तेव्हा तमिळनाडूचे तेव्हाचे मुख्यमंत्री स्वागताला गेले नाहीत. चौकाचौकांत ना तोरणे होती ना बँड. का नव्हते, हे सांगितल्याशिवाय ती रायफल दाखवली तर जवानांचाच अर्धा इतिहास लपतो.

मग पाटीवर काय लिहावे? मला एक मराठी शब्द सुचतो तो पोलीस ठाण्यातला आहे: मुद्देमाल.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या एके-४७ ची नळी हातांनी पकडली. ते सातारा जिल्ह्यातल्या केडंबे गावचे, पोलिसात येण्यापूर्वी सैन्यात होते. हातात फक्त लाठी होती. सगळ्या गोळ्या त्यांनी अंगावर घेतल्या, पण नळी सोडली नाही, आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कसाबला जिवंत पकडले. परमेश्वरन सरांनी हिसकावलेली रायफल आणि ओंबळे यांनी धरून ठेवलेली रायफल माझ्या मनात शेजारी शेजारी असतात. दुसरीचे पुढे काय झाले पाहा. ती कोणी विजयचिन्ह म्हणून मिरवली नाही. ती मुद्देमाल झाली. पंचनामा झाला, नंबर टिपला गेला, तपासणी झाली, आणि ती न्यायालयात पुरावा म्हणून उभी राहिली. ओंबळे यांचे शौर्य त्यामुळे तसूभर कमी झाले नाही. उलट त्या रायफलीने कोणाला मारले आणि तिला कोणी अडवले, हे साऱ्या जगासमोर सिद्ध झाले. पंचनाम्यात विशेषणे नसतात. कुठे, कधी, कोणाकडून, कोणासमोर, एवढेच असते. यादवी युद्धातल्या शस्त्राला हीच भाषा हवी, असे मला वाटते.

हे सगळे दूरच्या बेटावरचे आहे असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. बेंगळुरूत राहून तसे वाटू नये. राजीव गांधींच्या हत्येनंतर तीन महिने देशभर शोध चालला तो शिवरासन आणि त्याचे साथीदार शेवटी याच शहरात, कोणनकुंटेच्या एका घरात सापडले. २० ऑगस्ट १९९१ च्या पहाटे पोलीस आणि कमांडो आत शिरले तेव्हा सगळे मेलेले होते, शिवरासन बंदुकीच्या गोळीने आणि बाकीचे सायनाइडने. आज कनकपुरा रस्त्यावर 'कोणनकुंटे क्रॉस' नावाचे मेट्रो स्थानक आहे. आपली मुले सुट्टीच्या रविवारी त्या हिरव्या मार्गाने मॉलमध्ये जातात. जाफन्याची लढाई आपल्या शहरापर्यंत आली होती, आणि ते सांगणारी कुठलीही खूण मला तिथे दिसली नाही.

यादवीतल्या लुटीचे काय करायचे हा पेच इतरांनाही पडला आहे. अमेरिकेत उत्तरेच्या सैन्याने दक्षिणेचे झेंडे हस्तगत केले होते. १८८७ मध्ये अध्यक्ष क्लीव्हलंड यांनी ते परत द्यायचे ठरवले, तर माजी सैनिक असे खवळले की हुकूम मागे घ्यावा लागला. १९०५ मध्ये मात्र त्यांच्या संसदेने ठराव करून झेंडे परत पाठवले, आणि तेव्हा फारसा आवाज झाला नाही. मधली १८ वर्षे लागली. श्रीलंकेत २००९ ला युद्ध संपल्यावर पुदुकुडियिरुप्पूला सरकारने युद्ध संग्रहालय उघडले. तिथे एलटीटीईच्या बंदुका, तोफा आणि नौका ओळीने मांडलेल्या आहेत. जिंकलेल्यांनी ते हरलेल्यांच्या गावात उभे केले. त्याच सुमारास एलटीटीईच्या दफनभूमी बुलडोझरने सपाट झाल्या, आणि जाफन्याजवळच्या कोपाय इथे त्या जागेवर लष्करी तळ उभा राहिला. एलटीटीईने केलेल्या हत्या मी विसरत नाही. आबांच्या तुकडीतली पोरेही विसरत नाही. पण ज्या गावातल्या आईला मुलाची कबर उरली नाही, तिने त्याची रायफल काचेत पाहायची, ही मांडणी मला पटत नाही. आपल्याला तसे काही करायचे कारण नाही. आपण तिथे जिंकायला गेलो नव्हतो, नावातच शांती होती.

उलट आपल्या भागात याचे चांगले उदाहरण हजार वर्षांपूर्वीचे आहे. बेगूरच्या नागेश्वर मंदिरात सुमारे इ. स. ८९० चा एक शिलालेख आहे. बेंगळुरूच्या लढाईत पडलेल्या वीराची ती नोंद आहे आणि या शहराच्या नावाचा तो सर्वांत जुना उल्लेख मानतात. बेगूरचाच दुसरा प्रसिद्ध वीरगळ कस्तुरबा रस्त्यावरच्या सरकारी संग्रहालयात आहे. आपल्याकडे सह्याद्रीच्या गावागावांत वीरगळ आहेत, त्यांचीच ही भावंडे. बेगूरच्या दगडावर लढाई खच्चून कोरली आहे: घोडे, हत्ती, ढाली, पडलेली माणसे. गंगांच्या बाजूने नागत्तर लढला, समोर वीरमहेंद्र होता, हे लेखात सांगितले आहे. शत्रूचे नाव दगडावर कोरले म्हणून नागत्तर लहान झाला नाही.

तर माझी सूचना अशी. रायफल मिळाली तर तिची पाटी पितळी नको, मोठी हवी, वाचायला दोन मिनिटे लागली तरी चालतील. बनावट आणि नंबर. कुठे आणि कोणत्या तारखेला सापडली. कोणत्या तुकडीने घेतली, त्या दिवशी तुकडीतले कोण पडले, त्यांची नावे. समोर कोण होते, संघटनेचे नाव आणि मेलेल्यांची संख्या. नावे माहीत असतील तर नावेही. ती रायफल कोणत्या देशात बनली आणि लढाईपर्यंत कशी पोहोचली, जेवढे खात्रीने माहीत आहे तेवढे. दस्त्यावर काही कोरलेले असेल तर ते घासून पुसून चकचकीत करू नये. जसे आहे तसे ठेवावे आणि त्याचा अर्थ खाली द्यावा. पाटी कन्नड, हिंदी आणि इंग्रजीत असेलच. चौथी तमिळ असावी. तमिळ मजकूर लिहून द्यायला माझा मित्र तयार आहे, फक्त त्याची अट आहे की तो आधी त्याच्या आजीला वाचून दाखवणार. त्यांचे घर अलसूरला आहे, पुढच्या आउटपासला तो जाणार आहे.